आपल्या पायांखालचा दगड

(उपदेशक, शाळामास्तर व मंडळींतील वाचक ह्यांच्या अभ्यासासाठीं)

उन्हाळा लागला म्हणजे उमरगा तालुक्यांत गांवोगांव विहिरी खोल करण्याचें काम निघतें. अशा एखाद्या विहिरीच्या कांठावर उभें राहून आंत नीट पाहावें. वर दोन-चार हात काळी माती. तिच्याखालीं चुनखडीचे पांढरट खडे मिसळलेला थर. मग भुरकट मुरूम, आणि त्या मुरुमांत रुतून बसलेले वाटोळे गोटे, ज्यांचे पापुद्रे कांद्यासारखे सुटतात. त्याच्याखालीं काळा कठीण कातळ. कातळ फोडीत खालीं जावें तों मध्येंच मऊसर, बारीक छिद्रांचा, पांढऱ्या दाण्यांनीं भरलेला मांजऱ्या दगड लागतो. आणि एखाद्या विहिरींत वीतभर किंवा हातभर तांबड्या मातीचा पट्टा आडवा गेलेला दिसतो. विहीर खणणारे गडी ह्या प्रत्येकास निराळ्या नांवानें ओळखतात, आणि पहारेचा आवाज ऐकून आतां काय लागणार हेंही सांगतात. पण काळी माती, चुनखडी, मुरूम, गोटे आणि कातळ हीं सारीं एकाच दगडाचीं निरनिराळ्या वयांतील रूपें आहेत, हें मात्र पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

आपण बोलण्यांत ‘दगडासारखा अढळ’ असें म्हणतों. वास्तविक दगड अढळ नाहीं. तो जन्मतो, झिजतो, त्याची माती होते. मातीचा पुनः दगड होतो. तो दगड भाजून व दाबून तिसराच होतो. आणि वितळला तर पुनः पहिल्यासारखाही होतो. हें फिरणें फार मंद असल्यामुळें आपल्या डोळ्यांस दिसत नाहीं, इतकेंच. ह्या पाठांत तें आपल्याच तालुक्याच्या जमिनीवरून समजून घ्यावयाचें आहे. हें ज्ञान निव्वळ करमणुकीचें नव्हे. आपल्या भागांत पाण्यापायीं शेतकऱ्यास कर्ज होतें तें ह्या दगडाची ओळख नसल्यामुळें. आणि १९९३ सालीं एका पहाटे आपल्या शेजारच्या गांवांत हजारों माणसें मेलीं तींही दगडाखालींच मेलीं.

१. अग्नीपासून झालेला दगड

पाटा-वरवंटा, जातें, उखळ, विहिरीचें बांधकाम, नळदुर्गाचा किल्ला आणि रस्त्यावरची खडी, हीं सर्व एकाच काळ्या दगडाचीं. ह्या दगडास शास्त्रज्ञ बेसॉल्ट म्हणतात. हा अग्निजन्य खडक होय. म्हणजे वितळलेला रस थिजून झालेला.

सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतील तप्त शिलारस जमिनीस पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला. शंकूच्या आकाराचा डोंगर आग ओकीत आहे असें चित्र आपण पुस्तकांत पाहतों. येथें बहुधा तसें झालें नाहीं. दूध उतूं जाऊन चुलीभोवतीं पसरावें त्याप्रमाणें हा रस भेगांतून निघून मैलोगणती पसरला. त्याची उष्णता ११०० अंश सेल्सियसच्या वर असे. एक प्रवाह येई, पसरे, थिजे. मग कांहीं काळ शांतता. मग त्याच्या पाठीवर दुसरा प्रवाह. असे थरावर थर बसत गेले. आज हा काळा दगड सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर भूमीवर पसरलेला असून महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यानेंच व्यापिला आहे. सह्याद्रीकडे ह्या थरांची एकंदर जाडी दोन किलोमीटरांच्या आसपास भरते. पूर्वेकडे येतां येतां ती कमी होत जाते. बालाघाटाच्या डोंगरांकडे दुरून पाहिलें तर माथा सपाट आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. त्यांतील कठीण थर उभा राहतो व मऊ थर झिजून मागें सरतो, म्हणून ह्या पायऱ्या होतात. शास्त्रज्ञ ह्या दगडास ‘दक्खन ट्रॅप’ म्हणतात. त्यांतील ‘ट्रॅप’ हा शब्द मूळ स्वीडनच्या भाषेंतील असून त्याचा अर्थ जिना असाच आहे.

काळ्या दगडाचा कण इतका बारीक कां? ह्याचें उत्तर आपल्या स्वयंपाकघरांत आहे. साखरेचा पाक हलवीत झटपट निवविला तर बारीक पिठीसारखे कण होतात. तोच सावकाश निवूं दिला तर खडीसाखरेचे मोठे खडे धरतात. शिलारस जमिनीवर येऊन उघड्या हवेंत लवकर निवला म्हणजे बारीक कणांचा बेसॉल्ट होतो. रस जमिनीच्या पोटांतच राहून फार हळू निवला, तर त्यांतील दाणे मोठे व डोळ्यांस दिसण्याजोगे होतात. असा दाणेदार दगड म्हणजे ग्रॅनाइट. अर्थात् दोहोंचीं द्रव्येंही सारखीं नाहींत. बेसॉल्टांत लोह अधिक म्हणून तो काळा.

प्रत्येक प्रवाहाच्या वरच्या अंगास वायूचे बुडबुडे अडकून राहत. म्हणून तो भाग जाळीदार होई. पुढें त्या छिद्रांतून पाणी झिरपून त्यांत पांढरे स्फटिक भरले. आपला मांजऱ्या दगड तो हाच, आणि शेतांत सांपडणाऱ्या चकाकत्या गारगोट्याही पुष्कळशा अशाच पोकळ्यांतून सुटलेल्या. खालचें अंग मात्र घट्ट राहिलें. ह्यावरून विहिरींत कठीण आणि मऊ दगड आळीपाळीनें कां लागतो हें कळून येईल. दोन प्रवाहांच्या मध्यें दिसणारा तांबडा पट्टा हा त्या शांततेच्या काळाची खूण आहे. जुन्या प्रवाहाच्या पाठीवर तयार झालेली माती किंवा पडलेली राख पुढच्या तप्त रसाखालीं गाडली गेली, आणि पुष्कळ ठिकाणीं भाजून विटेसारखी झाली.

साडेसहा कोटि वर्षें हा आंकडा बोलण्यास सोपा, पण मनांत धरण्यास कठीण. तो असा धरावा. दर वर्षास ज्वारीचा एक दाणा एका ठिकाणीं टाकीत गेलों, तर ह्या दगडाच्या जन्मापासून आजपर्यंत सुमारें वीस क्विंटल ज्वारी जमेल. माणसाच्या सत्तर वर्षांचे दाणे त्यांत चिमूटभरही भरणार नाहींत.

२. दगडाची माती

हा दगड किती टिकाऊ हें पाहावयाचें असेल तर नळदुर्गास जावें. तेथें बोरी नदीवर किल्ल्याच्या आंतच दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळीं, १६१३ सालीं, बांध घातला. चारशें वर्षें पावसाळ्याचें पाणी त्यावरून कोसळत आहे, तरी काळे चिरे जागचे हलले नाहींत.

पण जें चारशें वर्षांत होत नाहीं तें चार लक्ष वर्षांत होतें. दिवसा दगड तापतो, रात्रीं निवतो. त्यास बारीक भेगा पडतात. पावसाचें पाणी हवेंतील व मातींतील कार्बनिक आम्ल घेऊन त्या भेगांत शिरतें. तें दगडांतील लोहास गंज चढवितें, चुना विरघळवून नेतें, आणि उरलेल्या द्रव्याची चिकणमाती करतें. भेगांनीं तुटलेल्या चौकोनी धोंड्यास पाणी सर्व बाजूंनीं खातें. कोंपऱ्यावर तें दोन-तीन बाजूंनीं एकदम लागतें, म्हणून कोंपरे आधीं झिजतात आणि धोंडा वाटोळा होतो. विहिरीच्या मुरुमांतील कांद्यासारखे गोटे ते हेच. त्यांच्या भोवतालचा मुरूम हा अर्धा दगड व अर्धी माती. मुरूम हा शब्द आपल्यास नवा नाहीं. त्या नांवाचें गांवच आपल्या तालुक्यांत आहे.

मुरूम आणखी कुजला म्हणजे काळी माती. तिचे कण इतके सूक्ष्म कीं पाणी लागतांच ती फुगते आणि वाळतांच आकसते. उन्हाळ्यांत शेतांत पाय जाईल एवढ्या भेगा पडतात व पावसाळ्यांत त्याच मिटतात, त्याचें कारण हेंच. दगडांतून विरघळलेला चुना खालीं जाऊन पुनः खड्यांच्या रूपानें बसतो, ती आपली चुनखडी. म्हणजे आपली ज्वारी, तूर व करडई ज्या काळींत उभी राहते, ती काळी म्हणजे वयांत आलेला पाटा-वरवंट्याचा दगडच होय.

ह्याच दगडाचें दुसरें एक अपत्य आहे. जेथें उष्णता फार व पाऊस फार, तेथें पाणी दगडांतील चुना तर नेतेंच, पण वाळूचें द्रव्यही धुऊन नेतें. मागें लोह व ॲल्युमिनियम ह्यांचा गंज तेवढा उरतो. तो तांबडा, छिद्रांचा दगड म्हणजे जांभा. कोंकणांत रत्नागिरीकडे घरें जांभ्याचीं असतात. पण जांभा पाहण्यास कोंकणांत जावयास नको. आपल्या पूर्वेस बीदरचा किल्ला जांभ्यावर उभा आहे, आणि उत्तरेस औसा तालुक्यांतील खरोश्याचीं लेणीं जांभ्यांतच कोरलेलीं आहेत. ताजा जांभा मऊ असतो, हत्यारानें कापतां येतो; हवा लागली म्हणजे तो कठीण होतो. बीदरला सच्छिद्र जांभ्यांतून झिरपलेलें पाणी खालच्या घट्ट काळ्या दगडावर अडतें. बहमनी काळच्या लोकांनीं हें ओळखून जमिनीखालून भुयारी पाट खोदले व तें पाणी शहरास पुरविलें. दगडाची जात ओळखण्यापासून काय लाभ होतो त्याचें हें जुनें उदाहरण लक्षांत ठेवावें.

३. मातीचा दगड

पहिल्या मोठ्या पावसांत ओढ्याचें पाणी चहासारखें होतें. ती आपली शेतें वाहून चाललीं. कोठें? आपला प्रदेश दोन मोठ्या नद्यांच्या पाणलोटावर आहे. तेरणेंत पडलेली माती मांजरेंतून गोदावरीस मिळते. बेनीतुऱ्यांत पडलेली माती कागिना व भीमा ह्या वाटेनें कृष्णेस मिळते. एकाच बांधाच्या दोन बाजूंची माती अशी दोन वाटांनीं जाऊन शेवटीं एकाच बंगालच्या उपसागराच्या तळाशीं बसते.

तेथें ती थरांनीं सांचते. वरचें ओझें वाढतें, खालचें पाणी पिळून निघतें, आणि चुना किंवा वाळूचें द्रव्य कणांच्या मधल्या जागेंत शिरून गिलाव्यासारखें काम करतें. वाळूचा वालुकाश्म होतो, चिखलाचा पापुद्र्यांचा मृदु दगड होतो, शंखशिंपल्यांच्या व पाण्यांतील चुन्याचा चुनखडक होतो. ह्यांस स्तरित खडक म्हणतात.

आपल्या घरांत हा दगड आहे काय? होय, पुष्कळांच्या पायांखालीं आहे. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडक. शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यांत, आपल्या दक्षिणेस. तो चुनखडक ५० कोटि वर्षांहूनही जुना, म्हणजे आपल्या काळ्या दगडाहून फार वडील. तो ज्या काळीं सांचला त्या काळीं तेथें उथळ समुद्र होता. समुद्राच्या तळाशीं तो संथपणें थरांनीं बसला, म्हणूनच आज छिन्नी घालतांच सपाट तुकड्यांनीं सुटतो. शाळेंत मुलांस हा प्रयोग दाखवावा: फरशीच्या तुकड्यास खरवडून त्या भुकटीवर लिंबाचा रस पिळावा, बारीक बुडबुडे येतात. काळ्या दगडाच्या भुकटीवर तसे येत नाहींत. चुन्याचा दगड ओळखण्याची ही साधी परीक्षा.

काळ्या दगडाच्या दोन प्रवाहांच्या मध्येंही कोठें कोठें असे स्तर सांपडतात. त्यांचा शोध घेणाऱ्यांत एक नांव आपणांस आठवण्याजोगें आहे. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीं नागपुरास आले. तेथील हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नांवाचें. शाळा चालवीत व खेड्यांतून हिंडत असतां ते वाटेवरचे दगडही लक्ष लावून पाहत. नागपुराजवळ टाकळी येथें काळ्या दगडाच्या थरांमध्यें त्यांना दगड झालेले गोड्या पाण्यांतील शंख व वनस्पतींचे अवशेष मिळाले. त्यांचें वर्णन त्यांनीं व त्यांचे सोबती रॉबर्ट हंटर ह्यांनीं विद्वानांपुढें मांडिलें. ह्यावरून असें सिद्ध झालें कीं, एक अग्निप्रवाह थिजल्यावर दुसरा येईपर्यंत इतका काळ लोटे कीं त्या कातळावर तळीं सांचत, गोगलगाई नांदत, झाडें वाढत. मग पुनः अग्नि येई. हिस्लॉपसाहेब ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाटाकडील प्राचीन शिळावर्तुळें पाहून परत येत असतां पुराच्या पाण्यांत बुडून वारले. खेड्यांत काम करणाऱ्याच्या पायांखालींही शिकण्याजोगें पुष्कळ असतें, हें त्यांच्या उदाहरणावरून दिसतें.

४. भाजून बदललेला दगड

तिसरी जात समजण्यासाठीं वीटभट्टीवर जावें. कच्ची वीट म्हणजे दाबलेला चिखल. पाण्यांत टाकली तर विरून जाईल. तीच भट्टींत भाजली म्हणजे वितळत तर नाहीं, पण रंग, आवाज, कणखरपणा सारें बदलतें. पाण्यांत टाकली तरी ती आतां चिखल होत नाहीं. आणि जी वीट आगीच्या अगदीं तोंडाशीं राहिली ती वितळून, वांकडी होऊन, काळी कांचेसारखी थिजते. तीस आपण खंगर म्हणतों. चिखल म्हणजे स्तरित खडकाचें उदाहरण, पक्की वीट म्हणजे बदललेल्या खडकाचें, आणि खंगर म्हणजे अग्निजन्य खडकाचें. एका भट्टींत तिन्ही जाती!

जमिनीच्या खोल पोटांत उष्णता आणि दाब दोन्ही असतात. तेथें गेलेला जुना दगड न वितळतां आंतल्या आंत नव्या कणांनीं बसतो. त्यास रूपांतरित खडक म्हणतात. चिखलाचा दगड असा बदलला म्हणजे पाटीचा दगड होतो. ज्या काळ्या पाटीवर आपण श्रीकार गिरविला, ती आंध्रांतील मार्कापुराकडून येणारी दगडी पाटी मुळांत एके काळचा गाळ होती. चुन्याच्या भट्टींत चुनखडी भाजली तर तिच्यांतील वायु निघून जाऊन कळीचा चुना उरतो; पण पृथ्वीच्या पोटांत दाबाखालीं वायूस बाहेर वाट नसते, म्हणून तोच चुनखडक नव्या चकाकत्या दाण्यांनीं बसतो. तो मकराण्याचा संगमरवर. ग्रॅनाइटासारखा दगड दबून व ताणला जाऊन काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा होतो. त्यास नाइस म्हणतात.

उमरग्याहून मोटारीनें हैद्राबादेस जाणाऱ्यांनीं खिडकीशीं बसून हा पाठ वाटेनें ताडून पाहावा. हुमनाबादेपर्यंत काळा दगड व काळी माती सोबत करते. जहीराबादेकडे जमीन तांबडी होते, जांभा दिसूं लागतो. संगारेड्डी सोडून पुढें गेलें म्हणजे गुलाबी-करड्या ग्रॅनाइटाचे प्रचंड धोंडे एकावर एक रचल्यासारखे उभे राहतात. गोवळकोंड्याचा किल्ला अशाच टेकडीवर आहे. तो दगड सुमारें २५० कोटि वर्षांचा. आपल्या ज्वारीच्या हिशेबानें सात-आठशें क्विंटल. कित्येकांस वाटेल कीं हैद्राबादचा दगड हैद्राबादेस, उमरग्याचा उमरग्यास. तसें नाहीं. तो जुना दगड आपल्याखालींही आहे. त्याचा पुरावा दुःखाच्या वाटेनें मिळाला.

५. किल्लारीचें छिद्र

उमरग्याच्या उत्तरेस वीस-पंचवीस किलोमीटरांवर किल्लारी. १९९२ सालीं तेथें लहान लहान धक्के बसले होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणपतिविसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं, सुमारें ६.२ मापाचा भूकंप झाला. किल्लारी आणि त्या वेळीं आपल्याच तालुक्यांत असलेलें सास्तूर हीं मोठीं गांवें क्षणांत बसलीं. बावन्न गांवें उद्ध्वस्त झालीं असें सांगतात. सरकारी गणतीप्रमाणें आठ हजारांच्या जवळपास माणसें मेलीं. दुसरे अंदाज दहा हजारांपर्यंत जातात. त्या वेळच्या नकाशांत हा प्रदेश भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत दाखविलेला होता.

ह्यानंतर खालीं काय आहे हें पाहण्यासाठीं किल्लारीस ६१७ मीटर, म्हणजे दोन हजार फुटांहून खोल, छिद्र पाडण्यांत आलें, आणि आंतून निघालेल्या दगडांचा अभ्यास हैद्राबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं केला. वरचे ३३८ मीटर काळा दगड, थरावर थर. त्याच्याखालीं अवघे ८ मीटर जुना गाळ, म्हणजे अग्निप्रवाह येण्यापूर्वींच्या उघड्या जमिनीवर सांचलेली माती व वाळू. आणि त्याच्याखालीं, छिद्राच्या तळापर्यंत, तो फार प्राचीन, भाजून बदललेला नाइसासारखा दगड. अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित: तिन्ही जाती एकाखालीं एक, आपल्या दारापासून पंचवीस किलोमीटरांच्या आंत. आपण ज्यास ‘बुडाचा कातळ’ म्हणतों तो बुडाचा नव्हेच. तो एका फार जुन्या भूमीवर मागाहून घातलेलें आवरण आहे.

भूकंप झाला तो खालचा रस उसळल्यामुळें नव्हे. काळ्या दगडाचा अग्नि कधींच निवला. पण आपली सारी भूमि वर्षास सुमारें पांच सेंटिमीटर, म्हणजे तीन बोटांइतकी, उत्तरेकडे सरकत आहे आणि आशियाच्या भूमीवर दाबली जात आहे. हिमालय त्याच दाबानें उचलला. वाळलेली फांदी वांकवीत गेल्यास ती कांहीं वेळ सोसते आणि मग जेथें जुनी कीड असेल तेथें कडकन् मोडते. तसा आपल्याखालच्या प्राचीन दगडांत जेथें जुना कमकुवत जोड होता तेथें, आवरणाच्या खालीं कांहीं किलोमीटरांवर, दगड दबून सरकला. म्हणून किल्लारीचा पहिला धडा हा कीं, जुना व कठीण दगडही मोडतो.

६. ह्या ज्ञानाचे दोन उपयोग

पहिला पाण्याचा. घट्ट काळ्या दगडास स्वतःच्या अंगांत पाणी धरण्यास जागाच नसते. पाणी राहतें तें मुरुमांत, भेगाळलेल्या दगडांत, आणि दोन प्रवाहांच्या सांध्यांत. ह्या जागा बहुधा वरच्या थरांत अधिक, खालीं कमी. ‘आणखी शंभर फूट घातले म्हणजे लागेलच’ ह्या आशेवर लोक कर्ज काढून बोअर खोल नेतात. किल्लारीचा हिशेब आठवा: काळ्या दगडाची जाडी सुमारें अकराशें फूट आहे. हजार फूट गेलेला बोअरही त्याच कोरड्या दगडांत फिरत असतो. तोंवर वरच्या मुरुमांतील पाणी मात्र पावसाळ्यापावसाळ्यास जमिनींत मुरविलें नाहीं, तर विहीरही आटते. २०१६ सालच्या एप्रिलांत शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें, तें आपण विसरूं नये. पैसे घालण्यापूर्वीं भूजल सर्वेक्षण खात्याच्या जाणकाराचा सल्ला घ्यावा, शेजारच्या चार विहिरींत कोणता दगड किती खोलीवर लागला हें लिहून ठेवावें, बांधबंदिस्ती करावी, नाल्याचें पाणी अडवावें. दगड बदलणें आपल्या हातीं नाहीं. त्याच्या भेगांत पाणी पोहोंचविणें हातीं आहे.

दुसरा उपयोग भिंतीचा. किल्लारीस माणसें धरणी दुभंगून तींत गेलीं नाहींत. तीं आपल्याच घराखालीं चेंगरलीं. दोन-तीन फूट रुंदीच्या भिंती, वाटोळे व ओबडधोबड काळे गोटे, मध्यें नुसता चिखल, आणि वर माळवदाचें मातीचें जड ओझें. अशा भिंतीचीं आंतलें व बाहेरचें अशीं दोन तोंडें निरनिराळीं रचलेलीं असतात. हादरा बसतांच तीं एकमेकांपासून फांकतात आणि माळवद खालीं येतें. उपाय मोठ्या खर्चाचा नाहीं. भिंतीच्या दोन्ही तोंडांस पोहोंचेल असा लांब दगड मधून मधून घालावा. गोटे न वापरतां फोडून घडविलेले दगड घ्यावे. कोंपरे एकांत एक गुंफावे. दारांच्या माथ्यावर घरभर फिरणारा सिमेंट-लोखंडाचा पट्टा घालावा. छप्पर हलकें करावें. जुन्या माळवदाखालीं निजणाऱ्यांनीं निदान दर वर्षीं माती घालून तें अधिक जड करूं नये.

खडकावर बांधलेल्या घराचा दाखला आपण सर्वांनीं ऐकला आहे. आपल्या प्रांतांत घराखालीं खडक आहेच; पण जे दगड भिंतींत एकमेकांस धरून नाहींत त्यांचें घर खडकावर असूनही पडतें, हें किल्लारीनें दाखविलें.

असो. आतां पुनः त्या विहिरीच्या कांठीं उभे राहूं. वरची काळी माती उद्यां ओढ्यानें जाईल. पुढें समुद्राच्या तळाशीं तिचा दगड होईल. कोणे एके काळीं तो खोल जाऊन भाजेल, किंवा उचलला जाऊन डोंगर होईल, आणि त्यावर पाऊस पडेल. आपलें आयुष्य त्या ढिगांतील चिमूटभर दाण्यांएवढें. पण तेवढ्या दाण्यांतच विहीर खणावयाची, बांध घालावयाचा व लेकरांवर छप्पर उभारावयाचें आहे; म्हणून दगड ओळखून करावें.

मंडळींत व शाळेंत विचारण्याचे प्रश्न

१. काळा दगड, शहाबादी फरशी व दगडी पाटी ह्या प्रत्येकाची जात कोणती, आणि ती कशी झाली?

२. मुरुमांतील गोटे वाटोळे कां होतात?

३. काळी माती आणि जांभा हीं एकाच दगडापासून होत असतां निराळीं कां?

४. टाकळीच्या शंखांवरून अग्निप्रवाहांविषयीं काय कळलें?

५. किल्लारीच्या छिद्रांत कोणते तीन खडक, कोणत्या क्रमानें लागले?

६. तुमच्या गांवांतील एखाद्या विहिरीचे थर वरपासून खालपर्यंत मोजून लिहा. पाणी कोणत्या थरांत लागलें तें दाखवा.

७. तुमच्या घराच्या भिंतींत दोन्ही तोंडांस पोहोंचणारे दगड आहेत काय? पाहून सांगा.